मेचनिकॉफ: रोज आंबट दूध पिणारे नोबेलविजेते

फोनवर प्रोबायोटिक ड्रिंकची जाहिरात आली की मला एली मेचनिकॉफ आठवतात. कोण होते हे, थोडक्यात सांगतो.

जन्म १८४५, आजच्या युक्रेनमधल्या खारकिवजवळ. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी ताऱ्याच्या आकाराच्या समुद्री जीवाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! पेशी जंतूंना गिळून शरीराचं रक्षण करतात, हा शोध यातूनच लागला. त्यासाठी १९०८ चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळालं.

पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी म्हातारपणाचा प्रश्न हाती घेतला. आतड्यातले सडवणारे जंतू आपल्याला लवकर म्हातारं करतात, आंबट दुधातले जिवाणू त्यांना रोखतात, असं त्यांचं मत होतं. स्वतः रोज ते दूध प्यायचे. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी गेले.

मग खरं काय? आंबट दुधाने आयुष्य वाढतं, हे सिद्ध झालेलं नाही. पण दह्यातले जिवंत जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला मदत करतात, हे पक्कं आहे. काही ठरावीक स्ट्रेन अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाबही कमी करू शकतात. म्हणून मी बाटली घेताना आधी लेबलवर स्ट्रेनचं नाव आणि साखर बघतो. तुम्हीही बघा.