केनेडींची कंबर

मैत्रिणींनो, एकदाही कंबर धरली नाही अशी बाई आपल्यात शोधून सापडायची नाही. भरलेली कळशी उचलताना म्हणा, लादी पुसताना म्हणा, एकदा का कंबर लचकली की वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. त्यात कुणी ऑपरेशनचं नाव काढलं की पोटात गोळाच येतो. म्हणून आज मी अशा एका माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याच्या दिमतीला एकाहून एक नामांकित डॉक्टर होते, तरी त्याची कंबर काही बरी होत नव्हती. ते म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी.

मला केनेडी ठाऊक होते ते फोटोतले. देखणे, हसरे, रुबाबदार. त्या कोटाखाली घट्ट आवळलेला कमरेचा पट्टा असायचा, हे वाचलं तेव्हा मी चकितच झाले.

१९१७ साली एका श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. कॉलेजच्या दिवसांपासूनच पाठदुखी मागे लागली. त्यापायी लष्करानं नाकारलं, पण वडिलांच्या ओळखीनं ते नौदलात शिरले. १९४३ मध्ये जपानी युद्धनौकेनं त्यांची बोट कापून टाकली. भाजलेल्या सहकाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा दातात धरून केनेडी काही तास पोहले आणि त्याला बेटावर घेऊन आले. त्यानंतर कंबर आणखीच बिघडली.

१९४४ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं. उपयोग शून्य. १९५४ मध्ये मणक्यात धातूची पट्टी बसवली, तर जंतुसंसर्ग होऊन जीवावर बेतलं. अखेरच्या प्रार्थनेसाठी धर्मगुरूला बोलवावं लागलं. काही महिन्यांनी ती पट्टी काढायला पुन्हा ऑपरेशन! १९५७ मध्ये चौथं. दुखणं मात्र जिथल्या तिथे.

१९५५ मध्ये त्यांना डॉ. जेनेट ट्रॅव्हेल भेटल्या. त्यांचं लक्ष हाडांपेक्षा आखडलेल्या स्नायूंकडे होतं. केनेडींचा एक पाय किंचित आखूड आहे हे त्यांनी हेरलं आणि बुटाची टाच उंच करवली. बसायला झुलती खुर्ची सुचवली. दुखऱ्या जागी बधिर करणारी इंजेक्शनंही त्या देत. १९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्षांच्या पहिल्या महिला डॉक्टर. हे वाचून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पण त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडात झाड लावताना माती उकरली आणि कंबर पुन्हा गेली. कुबड्या आल्या. इंजेक्शनं वाढत चालली, तसे बाकीचे डॉक्टर धास्तावले. ऑक्टोबरमध्ये डॉ. हान्स क्राउस यांना बोलावलं. त्यांनी तपासलं तर पोटाचे आणि पाठीचे स्नायू अगदी दुबळे, मांड्यांमागच्या शिरा ताठ. त्यांनी औषध दिलं ते व्यायामाचं! व्हाइट हाउसमधल्या पोहण्याच्या तलावाशेजारी आठवड्यातून अनेकदा, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, जोडीला शेक आणि मालिश. चार ऑपरेशनांनी जे जमलं नाही, ते या चिकाटीनं काही महिन्यांत बरंचसं साधलं.

पट्टा मात्र सुटला नाही. क्राउसना तो नको होता. १९६३ मध्ये डलास शहरात केनेडींवर गोळ्या झाडल्या, तेव्हाही तो कमरेला होता. पहिल्या गोळीनंतर त्या पट्ट्यामुळेच ते खाली वाकू शकले नाहीत, असं काही डॉक्टरांचं मत आहे.

आज डॉक्टर हेच सांगतात, की साध्या कंबरदुखीत दिवसच्या दिवस पडून राहू नका. चालत-फिरत राहा. फिजिओथेरपिस्टकडून आपल्याला झेपतील ते व्यायाम शिकून घ्या आणि बरं वाटलं तरी सोडू नका. खाली वाकून वजन उचलण्याऐवजी गुडघे वाकवा, ओझं अंगाजवळ धरा. मात्र पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, ताप आला किंवा वजन उतरत चाललं, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक डॉक्टरकडे जा. काही वेळा ऑपरेशन खरोखर लागतं.

एवढी मोठी सत्ता हातात असूनही केनेडींना व्यायाम स्वतःच करावा लागला. तो काही नोकराकडून करून घेता येत नाही! आपणही घरादाराच्या धबडग्यातून रोजची वीस मिनिटं आपल्या कमरेसाठी काढूया. स्वयंपाक तेवढा वेळ थांबेल.