एका हाताने ३३० किलो

डेडलिफ्टचा विषय निघाला की जिममधली पोरं लगेच एडी हॉलचं नाव घेतात. २०१६ मध्ये त्याने ५०० किलो उचलले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण हर्मन गोर्नर म्हटलं तर दहापैकी नऊ जण ‘कोण?’ विचारतील. या जर्मन माणसाने १९२० मध्ये, म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, ३३० किलोचा बार जमिनीवरून उचलला. तोही एका हाताने!

गोर्नरचा जन्म १३ एप्रिल १८९१ चा. गाव हेनिखेन, जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या जवळचं. त्या काळात जर्मनीत वजन उचलण्याचे क्लब शहराशहरांत होते. आपल्याकडे तालमी होत्या तसंच काहीसं. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास गोर्नरला या खेळाचं वेड लागलं आणि ते सुटलंच नाही. मोठा झाल्यावर उंची सहा फुटांच्या थोडी वर, खांदे रुंद आणि हाताचे पंजे असे, की त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण आधी पंजांबद्दल लिहितो.

हे पंजे नुसते जन्मजात नव्हते. त्याच्या व्यायामाचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. जर्मनमध्ये त्याचं नाव ‘डी केटे’, म्हणजे साखळी. केटलबेल्स एका ओळीत मांडायच्या, सगळ्यात हलकी इकडे, सगळ्यात जड तिकडे. मग ओळीने एकेक उचलत, झुलवत, वर नेत पुढे जायचं. प्रत्येक केटलबेल हातात काही क्षणच, पण हात रिकामा असा राहतच नाही. आपण ग्रिपसाठी वेगळा व्यायाम करायचाच विसरतो, फार तर शेवटी दोन मिनिटं रॉडला लटकतो. गोर्नरच्या व्यायामात मूठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कामावर असायची.

मग पहिलं महायुद्ध आलं. गोर्नर सैन्यात गेला आणि परत आला तेव्हा त्याचा एक डोळा गेलेला होता, अंगावर तोफगोळ्याच्या तुकड्यांच्या जखमा होत्या. वजन उचलताना नजर एका जागी रोखून तोल सांभाळावा लागतो, हे लिफ्टिंग करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तिशीच्या उंबरठ्यावर एका डोळ्याने पुन्हा सुरुवात करायची म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

त्यात आणखी एक दार बंद झालं. १९२० चं ऑलिम्पिक अँटवर्पला झालं आणि युद्ध हरलेल्या जर्मनीला त्याचं निमंत्रणच नव्हतं. त्या ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये एका हाताने उचलायचे प्रकारही होते. म्हणजे गोर्नरसारख्याने तिथे निदान उतरावं तरी, असाच कार्यक्रम. ते झालं नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, लाइपझिगमध्येच, त्याने दोन लिफ्ट केल्या. ८ ऑक्टोबरला एका हाताने ३३० किलो. आणि तीन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, दोन हातांनी ३६० किलो.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा हात मदतीला आल्यावर फक्त ३० किलो वाढले! आपल्यासारख्या साध्या माणसाचं उलटं असतं. एका हाताने बार धरला की पाठ आणि पाय थकायच्या कितीतरी आधी बोटं उघडतात. गोर्नरची मूठ मात्र पाय आणि पाठीच्या जवळजवळ बरोबरीने चालत होती, असाच या आकड्यांचा अर्थ होतो.

एका हाताने उचलणं इतकं अवघड का? बार गोल असतो, तो बोटांकडे गडगडत जातो. दोन हात असले तर एक तळवा आपल्याकडे आणि दुसरा समोर असा मिक्स्ड ग्रिप घेता येतो, मग एका हाताकडून गडगडणारा बार दुसरा हात अडवतो. एका हाताला ही सोय नाही. उरतो हुक ग्रिप, म्हणजे अंगठा आधी बारला गुंडाळायचा आणि बाकीची बोटं त्याच्यावर आवळायची. दुखतं, चांगलंच दुखतं. शिवाय बार बरोबर मध्ये धरला नाही तर एका बाजूला कलतो, आणि अंग वजनाच्या दिशेने पिळवटतं. म्हणून या प्रकारात मोकळा हात मांडीवर टेकवतात आणि पोट घट्ट धरून ठेवतात.

आता कुणी उद्याच जिममध्ये जाऊन एका हाताने बार ओढायला लागेल, म्हणून थोडं थांबूया. दोन हातांची साधी डेडलिफ्ट आधी नीट यायला हवी. बार पायाच्या मध्यावर, म्हणजे बुटाच्या लेसच्या गाठीवर येईल असा. नडगी आणि बार यांच्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर. खाली बसायचं नाही, कंबर मागे ढकलून वाकायचं. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट यांत इथेच सगळ्यांची गल्लत होते. पाठ सरळ, बगला आवळलेल्या, श्वास पोटात भरून धरलेला. बार हिसका मारून उचलायचा नाही. आधी हात ताठ करून बारमधला ढिलेपणा काढायचा, मग पायांनी जमीन खाली ढकलायची. बार पूर्ण वेळ पायांना घासतच वर यायला हवा, कारण तो जितका पुढे जाईल तितका कंबरेवरचा ताण वाढतो. वर आल्यावर सरळ उभं राहायचं, मागे झुकून पोझ द्यायची नाही. मिक्स्ड ग्रिप घेत असाल तर कोपर अजिबात वाकवू नका, ज्या हाताचा तळवा समोर असतो त्या हाताचा बायसेप्स फाटण्याची भीती असते. आणि प्रत्येक वेळी बार जमिनीवर पूर्ण टेकवून नव्याने सुरुवात. नावातलं ‘डेड’ ते हेच, निपचित पडलेलं वजन. बार आपटून त्याच्या उसळीवर दहा रेप्स मोजणारे प्रत्येक जिममध्ये असतात, त्यांना कोण सांगणार!

बाकी प्रकार ज्याच्या त्याच्या शरीरावर आणि गरजेवर. पाय लांब फाकवून हात आतून घ्यायचे ते सुमो, त्यात पाठ जास्त ताठ राहते. बार जमिनीवर न टेकवता मांडीच्या मागच्या स्नायूंवर काम करायचं ते रोमानियन. हे नाव वेटलिफ्टर निकू व्लाड याच्यामुळे पडलं, १९९० मध्ये अमेरिकेत त्याला हा व्यायाम करताना पाहिल्यावर. आणि गोर्नरच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकायचंच असेल तर सूटकेस डेडलिफ्ट. एक केटलबेल पायाच्या बाजूला ठेवायची आणि बॅग उचलतो तशी एका हाताने उचलायची, खांदे कलू न देता. वजन इतकं हलकं घ्या, की बाजूवाल्याला हसू येईल.

एडी हॉलने ५०० किलो उचलले तेव्हा मनगटाला स्ट्रॅप होते. त्या स्पर्धेत ते चालतात, त्यात चूक काही नाही. पण स्ट्रॅप लावले की मूठ प्रश्नपत्रिकेतून निघून जाते, आणि गोर्नरचा तर तोच विषय पक्का होता.

१९२१ पासून गोर्नर व्यावसायिक झाला आणि ऑलिम्पिकचा विषय कायमचा संपला, कारण तिथे तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. त्याच वर्षी लाइपझिगमध्ये त्याने साधारण ६५५ किलोचा पियानो पाठीवर घेऊन १६ मीटर चालून दाखवल्याची नोंद आहे. मग तो पेजेल सर्कसबरोबर दक्षिण आफ्रिकेत फिरला, इंग्लंडमध्ये खेळ केले. १९२७ मध्ये लंडनला त्याने आडवं पडून, तळपायांवर फळी तोलून, तिच्यावर २४ माणसं पेलली. मला विचाराल तर सर्कशीतल्या या करामतींपेक्षा १९३३ ची एक लिफ्ट जास्त भारी वाटते. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. प्रत्येक हाताची फक्त दोन बोटं वापरून त्याने २७० किलोची डेडलिफ्ट केली.

हे सगळं खरं मानायचं का? प्रश्न रास्त आहे. गोर्नरबद्दलची बरीचशी माहिती एडगर म्युलर या त्याच्या मित्राने १९५१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून आली आहे, आणि मित्र मित्राबद्दल कसं लिहितो ते आपल्याला माहीत आहे. डेडलिफ्ट तेव्हा कुठल्याही मोठ्या स्पर्धेत नव्हती, त्यामुळे आजच्यासारखे पंच, तीन लाल-पांढरे दिवे, वजनांची फेरतपासणी हे काही नव्हतं. पुढे काही अभ्यासकांनी आकड्यांवर शंकाही घेतल्या. पण आकडे थोडे कमी धरले तरी त्या मुठीचं काय करायचं, हा प्रश्न शंका घेणाऱ्यांनाही सुटलेला नाही.

गोर्नर १९५६ मध्ये गेला. पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना त्यानंतर १६ वर्षांनी, १९७२ मध्ये स्थापन झाली. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि शेवटी डेडलिफ्ट असा तिच्या स्पर्धांचा क्रम असतो. उचलायचं दोन्ही हातांनीच.