विश्लेषण : शिकारी व्यंकटेश माडगूळकर वन्यजीवांचे निरीक्षक कसे झाले?

‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’चे लेखक व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांनी रानातले प्राणीही माणसांइतक्याच जवळून पाहिले.

नजर कुठे घडली?
सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील माडगुळे हे त्यांचे गाव. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. संस्थानची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. थोरले बंधू कवी ग. दि. माडगूळकर. पाऊस बेताचा, झाडी विरळ आणि चहूकडे माळ. तिथे धनगरांची मेंढरे चरत आणि लांडगे, कोल्हे, खोकड वावरत. तरुणपणी निंबवडे गावात मास्तरकी करताना हेच जग त्यांनी जवळून पाहिले. त्यातून १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’ आली.

बंदूक कशी सुटली?
पुणे आकाशवाणीवर नोकरी करतानाही तात्यांची रानाची ओढ कायम होती. सुरुवातीला ते हौशी शिकारी होते. माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, हालचाल न करता बसून राहणे ही शिकाऱ्याची शिस्त. पुढे बंदूक गेली, शिस्त राहिली. हातात वही आणि पेन्सिल आली. चित्रकलेचा हात असल्याने ते प्राण्यांची रेखाटने करत. नागझिऱ्याच्या जंगलातील मुक्कामावर त्यांनी ‘नागझिरा’ लिहिले.

‘सत्तांतर’चे वेगळेपण काय?
१९८२ च्या या कादंबरीत सगळी पात्रे वानरे आहेत. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे वास्तव तिथे माणसाचा न्यायनिवाडा न लादता येते. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आज हे का आठवायचे?
भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये कर्नल साइक्स यांनी केले, तेही याच दख्खनच्या पठारावरून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तरीही माळाला ‘पडीक’ समजून तो नांगरला जातो. आता तर मोबाइल घेऊन पिलांच्या बिळापर्यंत जाणारेही आहेत. असा त्रास झाला, की मादी पिल्ले उचलून दुसरीकडे हलवते आणि त्यात पिल्ले दगावू शकतात. फोटोसाठी माळावर जाणाऱ्याने तात्यांसारखे लांबच बसावे. जनावर बुजले नाही, तरच ते खरे दिसते.