इल्या मेचनिकॉव्ह : चालत्या पेशींचा शोध

मी चिकपेटचा. १८९८ च्या प्लेगमध्ये लोक आमची ही दाट वस्ती सोडून गेले आणि पुढे बसवनगुडी, मल्लेश्वरम् हे मोकळे भाग भराभर वाढले, हे आमच्याकडे लहानांनाही ठाऊक असते. प्लेगची लस मुंबईत हाफकिन यांनी तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. मला मात्र त्यांच्या गुरूंविषयी लिहायचे आहे.

इल्या मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळ झाला. ओडेसा येथे ते प्राणिशास्त्र शिकवीत. हाफकिन तेथेच त्यांचे विद्यार्थी होते. पहिली पत्नी क्षयाने गेली. पुढे विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली व ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे १८८२ साली त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो अळीतील फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच धावून जाऊन जंतूंना गिळतात, असे त्यांनी मांडले.

अनेकांना हे पटले नाही. जंतू मारतो तो रक्तातील द्रव, पेशी नव्हेत, असे जर्मनीतील शास्त्रज्ञ म्हणत. मेचनिकॉव्ह पंचवीस वर्षे प्रयोगांनी उत्तर देत राहिले. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. १९०८ चे नोबेल त्यांना व दुसऱ्या पक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. १९१६ साली ते वारले.

पेशीला वाट कोण दाखवतो, हे त्यांच्यानंतर अनेक दशकांनी कळले. जखमेजवळ आधी पोहोचलेल्या पांढऱ्या पेशी आपल्या आवरणातील स्निग्धाम्लापासून ल्युकोट्राइन बी-४ नावाचा रेणू बनवतात. तो जिकडे दाट, तिकडे मागच्या पेशी सरकतात. त्याच्याच इशाऱ्याने त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटतात आणि मग फटीतून बाहेर पडतात. चिकटल्या नाहीत तर रक्ताच्या ओघात वाहून जातील. सुटल्या नाहीत तर जागीच अडकतील.

धावणे आणि थांबणे दोन्ही आम्हांला परेडवर घोटून शिकवतात. शरीर ते आपले आपण करते. हे जगाला कळावे म्हणून एका माणसाला काटा टोचून रात्रभर वाट पाहावी लागली आणि मग पंचवीस वर्षे आपल्या जागी पाय रोवून उभे राहावे लागले.