रामचंद्रपंत अमात्य

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात राजगडाच्या पायथ्याशी पाली हे गाव आहे. या बाजूने गडावर चढणारी वाट इतर वाटांपेक्षा रुंद असून ती ज्या दरवाज्याशी पोचते, त्याला पाली दरवाजा असेच नाव पडले आहे. शिवाजी महाराजांची राजधानी सुमारे पंचवीस वर्षे राजगडावर होती. तेव्हा गडावर माणसांचा व जनावरांचा मोठा राबता असे. धान्य, मीठ, तेल, तूप, वैरण, सारे काही खालून वर न्यावे लागे.

जे वर जाते त्याचा केरही वरच होतो. वैरणीची कसपटे, धान्याचा कोंडा, झाडांचा पाचोळा यांचे काय करावे? कड्याच्या काठावर उभे राहून टोपली उपडी केली की गड क्षणात स्वच्छ होतो. परंतु कड्याखालची भूमी ओसाड नसते. तेथे शेते असतात, पाणवठे असतात, पालीसारखी गावे असतात. गडाचा केर गडाखाली टाकू नये, अशी स्पष्ट आज्ञा मराठ्यांच्या राजनीतीच्या एका ग्रंथात लिहिलेली आहे. तो ग्रंथ म्हणजे आज्ञापत्र, आणि त्याचे कर्ते रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य.

रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते. राज्यात काय आले, काय गेले आणि शिल्लक काय राहिले, याचा हिशेब ठेवणे हे मुजुमदाराचे काम. चुलते आबाजी सोनदेव यांनी कल्याण प्रांत स्वराज्यात आणण्याच्या कामी नाव मिळवले होते. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून लढाईच्या वार्तांइतकेच जमाखर्चाचे बोलणेही पडले असेल, यात नवल नाही. १६७२ मध्ये निळोपंत वारले. १६७४ मध्ये रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला, त्या वेळी मुजुमदार या पदाला अमात्य असे संस्कृत नाव मिळाले आणि ते पद रामचंद्रपंतांकडे आले. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांच्या आसपास होते. अष्टप्रधानांत इतका तरुण प्रधान दुसरा नव्हता.

महाराजांच्या हाताखाली काम करणे म्हणजे बारीक गोष्टीकडे लक्ष देण्यास शिकणे होय. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळाभर दाणा व वैरण पुरवून वापरावी, नाही तर घोडी मरतील; रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील; रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. छत्रपतीने उंदराचा आणि भाजीच्या देठाचा विचार करावा, हे कोणास क्षुल्लक वाटेल. रामचंद्रपंतांना ते तसे वाटले नाही. हेच वळण पुढे चाळीस वर्षांनी त्यांच्या लेखणीत उतरले.

मध्यंतरी मात्र फार कठीण दिवस आले. १६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध करविला. त्याच वर्षी रायगडही शत्रूच्या हाती गेला. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला गेले. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा, मुलखात मोगली फौजा, अशा स्थितीत महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांवर सोपविण्यात आला. हुकूमतपनाह हा किताब त्यांना मिळाला तो याच वेळी. विशाळगडासारख्या दुर्गम किल्ल्यावरून त्यांनी सूत्रे हलविली. भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव हे त्यांचे सहकारी होते. मोगलांनी घेतलेला राजगड शंकराजींनीच परत मिळविला. रणांगणावर संताजी घोरपडे व धनाजी जाधव शत्रूला जेरीस आणीत होते. पण त्यांच्या घोड्यांना दाणा, शिपायांना पोटगी आणि किल्ल्यांना रसद पुरविण्याचे काम दृष्टीआड चालते, आणि ते रामचंद्रपंत करीत होते. पराक्रमाच्या कथांत या कामाला थोडी जागा मिळते. तसे होणे उचित नव्हे.

१७०० मध्ये राजाराम महाराज वारले. ताराबाईंनी राज्य हाती घेऊन झुंज चालू ठेवली. वृद्ध औरंगजेब एकेका किल्ल्याला वेढा घालीत फिरत होता. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड गेले. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगडही पडला. पुढे तो मराठ्यांनी पुन्हा घेतला, ती गोष्ट निराळी. वेढ्यात सापडलेल्या गडाचे जीवन काय असते, हे रामचंद्रपंतांनी या काळात पुरते ओळखले होते. वाटा बंद झाल्या की वर जे आहे तेवढ्यावरच दिवस काढावे लागतात. तेथे नासलेले पोतेभर धान्य किंवा फुटलेले टाके गनिमाच्या तोफेइतकेच घातक ठरते.

१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या राज्यात दुफळी माजली. रामचंद्रपंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजारामांचे दुसरे पुत्र संभाजी हे गादीवर आले, आणि त्या घडामोडीत रामचंद्रपंतांचाही हात होता, असे मानतात. या तरुण राजासाठी १७१५ मध्ये आज्ञापत्र लिहिले गेले. रामचंद्रपंत तेव्हा पासष्टीत होते. शिवाजी महाराजांपासून त्यांनी पाच छत्रपती पाहिले होते. राज्य कसे उभे राहते, कसे मोडते आणि मोडलेले पुन्हा कसे सांधावे लागते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला माणूस तेव्हा क्वचितच उरला असेल.

आज्ञापत्रात राजाची कर्तव्ये आहेत, प्रधानांची निवड आहे, सावकार, वतनदार आणि आरमार यांविषयी विचार आहेत. वतनदारांविषयी ते कठोर शब्दांत सावध करतात. जिंजीच्या काळात लोकांना धरून ठेवण्यासाठी त्यांना स्वतःलाच वतने द्यावी लागली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शब्दांतील अनुभव कळतो. परंतु त्यांची लेखणी सर्वांत रमते ती गडांच्या प्रकरणात. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. गडावर झरा असला तरी त्याच्यावरच विसंबू नये, कारण तो ऐन प्रसंगी आटू शकतो. धान्याला उंदीर, किडा व आग यांचा उपद्रव होऊ नये. तटावर उगवलेली झाडे वेळोवेळी कापावीत. गडावर आंबा, फणस, चिंच, लिंबू अशी झाडे लावून ती जतन करावीत. आरमाराच्या लाकडासाठीदेखील रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे वाढण्यास वर्षे लागतात आणि रयत त्यांना लेकरांप्रमाणे वाढविते.

याच ओघात केराची आज्ञा येते. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटालगत कोठेही केरकचरा पडू देऊ नये. झाडून काढलेला केर गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा. ती राख परसात घालावी आणि घरोघरी होईल तितका भाजीपाला करावा.

ही आज्ञा वाचताना हिशेबनिसाचा हात दिसतो. केर खाली फेकला तर तो खर्ची पडला. तो जाळून राख मातीत घातली, तर तोच दुधी, भोपळा किंवा पालेभाजी होऊन जमेच्या बाजूला आला. शिवाय गडावर भाजी पिकली म्हणजे तेवढ्यासाठी खालच्या गावांकडे हात पसरावा लागत नाही. ही युक्ती मावळच्या शेतकऱ्याला ओळखीचीच होती. भात-नाचणीचे रोप लावण्यापूर्वी तो पालापाचोळा व गोवऱ्या पसरून जमीन भाजतो. त्याला राब म्हणतात. राखेत पालाश व चुना असतो, आणि मुरमाड जमिनीत रोपाला त्याचा उपयोग होतो. शेतकऱ्याचे हे ज्ञान रामचंद्रपंतांनी राज्याच्या नियमात आणून बसविले. जो तो आपल्या परसापुरता हे काम करील, अशी ती योजना होती. त्यासाठी खालून गाडी यावी लागत नव्हती.

त्या काळचा केर झाडाचा, गवताचा आणि धान्याचा होता, हे मात्र विसरता येत नाही. आज राजगडावर जाणारे लोक प्लास्टिकच्या बाटल्या व वेष्टणे मागे ठेवतात. ती जाळली तर विषारी धूर होतो आणि त्या राखेवर भाजी पिकवता येत नाही. ती पाठीवरच्या पिशवीत घालून पायथ्यापर्यंत परत आणावी लागतात आणि तेथून वितळवून पुन्हा वापरणाऱ्या कारखान्याकडे धाडावी लागतात. आज्ञेतील पहिला भाग, म्हणजे केर कड्याखाली न लोटण्याचा, तेवढा जसाच्या तसा लागू पडतो.

आज्ञापत्र लिहून झाले आणि पुढच्याच वर्षी, १७१६ मध्ये, पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांचा अंत झाला. त्यांचे घराणे गगनबावड्यावरून बावडेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे.