वडप्याच्या थंड गोदामांचं गणित दोनशे वर्षांपूर्वी एका बर्फविक्याला तुरुंगात जाऊन कळलं होतं

मुंबई-नाशिक हायवेवर भिवंडी मागे टाकली की वडपे लागतं. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, बंदरापासून फार लांब नाही आणि जागा मुबलक, म्हणून हा सगळा पट्टा गोदामांचा झाला. त्यातली काही थंड गोदामं असतात. फ्रोजन मटार, स्वीट कॉर्न, परदेशातून कंटेनरने आलेला माल, सगळं उणे 18 अंशांवर. माल कितीही लांबून येऊ दे, उतरल्यावर त्याला थंड जागा मिळाली नाही तर त्याचा लगदा होतो.

ही साधी गोष्ट जगाला ज्याच्यामुळे कळली त्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. अमेरिकेत त्याला आइस किंग म्हणत.

1783 साली बोस्टनमधल्या एका श्रीमंत वकिलाच्या घरात त्याचा जन्म झाला. भाऊ हार्वर्डला शिकले, याने मात्र कॉलेजला जायचंच नाकारलं. बोस्टनच्या आसपासची तळी हिवाळ्यात गोठायची. तो बर्फ फुकटचा. तो कापून उष्ण देशांत विकायचा, असं याच्या डोक्यात आलं. लोकांनी वेड्यात काढलं. एकही जहाजमालक बर्फ न्यायला तयार होईना, तेव्हा पठ्ठ्याने स्वतःच जहाज विकत घेतलं.

फेब्रुवारी 1806 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, सुमारे 130 टन बर्फ घेऊन तो कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाकडे निघाला. गंमत म्हणजे बर्फ नीट पोचला. पण तिथे गोदामच नव्हतं! जहाजावरूनच विक्री सुरू झाली. लोक तुकडा घरी न्यायचे आणि घरी जाईपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. कित्येकांना बर्फाचं करायचं काय हेच माहीत नव्हतं. हजारो डॉलर बुडाले.

पुढची काही वर्षं कर्जाची होती. 1812 आणि 1813 मध्ये कर्ज फेडता न आल्याने त्याला तुरुंगात जावं लागलं. 1816 मध्ये त्याने उलटा प्रयोग केला. क्युबातली फळं बर्फ आणि गवतात रचून न्यूयॉर्कला आणायची. आजच्या रीफर कंटेनरचा हा आजोबाच म्हणायचा. पण प्रवासाला महिना लागला आणि जवळपास सगळी फळं सडली. कर्ज आणखी वाढलं.

तरी एक गोष्ट त्याला पक्की कळली होती. बर्फाआधी गोदाम पोचलं पाहिजे. मग तो जिथे जाई तिथे आधी दुहेरी भिंतींचं आइस हाउस उभारू लागला. भिंतींच्या मधल्या पोकळीत उष्णता अडवणारा भराव. जहाजात बर्फाभोवती लाकडाचा भुसा, जो वखारवाले टाकूनच द्यायचे. गिऱ्हाईक तयार करायला त्याने दारूच्या गुत्त्यांना सुरुवातीला बर्फ फुकट दिला. एकदा गार पेयाची चटक लागली की कोमट कोण पिणार? 1825 च्या सुमारास नॅथानिएल वाइथ नावाच्या त्याच्या माणसाने घोड्याने ओढायचा बर्फकापा नांगर केला आणि कापणीचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आला.

मग आला भारत. मे 1833 मध्ये टस्कनी नावाचं जहाज 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. पोचताना सुमारे 100 टन शिल्लक होता. सरकारने बर्फावरचा कर माफ केला आणि ऊन टाळण्यासाठी माल रात्री उतरवायची परवानगी दिली. बर्फासोबत बोस्टनची सफरचंदंही येऊ लागली. तसंही भारताकडे येणाऱ्या जहाजांना वजनासाठी काहीतरी भरावंच लागे, त्यामुळे बर्फाला भाडं कमी पडायचं.

1834 मध्ये बर्फ मुंबईत पोचला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्याच वर्षी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि नंतर यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी मुंबई समाचारने दिली. पुढे गोदीजवळ आइस हाउस बांधलं गेलं.

पण मुंबईत बर्फ तयार होत नव्हता. तो यायचा तो सातासमुद्रापलीकडून. जहाज लांबलं की शहरात बर्फाचा दुष्काळ. अशा वेळी उरलेला बर्फ रेशनसारखा, डॉक्टरची चिठ्ठी पाहून मिळे. तापाच्या रोग्याच्या कपाळावर ठेवायचा बर्फ आणि साहेबाच्या ग्लासातला बर्फ एकाच जहाजाची वाट पाहत असत. आयातीवर चालणाऱ्या बाजाराचं हे दुखणं फ्रोजन मालालाही चुकलेलं नाही. 1990 च्या दशकात आपल्याकडे हॉटेलांतले फ्रेंच फ्राइज परदेशातून गोठून यायचे. पुढे गुजरातेत बटाटा आणि कारखाने दोन्ही उभे राहिले, आणि आता भारतच फ्राइज निर्यात करतो.

ट्यूडरला मात्र भारतानेच तारलं. कॉफीच्या सट्ट्यात त्याने दोन लाखांहून जास्त डॉलर घालवले होते. ते कर्ज फेडायला कलकत्त्याचा नफा कामी आला. 1834 मध्येच, पन्नाशीत, त्याने 19 वर्षांच्या युफेमियाशी लग्न केलं. सहा मुलं झाली. 1864 मध्ये बोस्टनमध्ये तो वारला तेव्हा चांगलाच श्रीमंत होता.

1878 मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी सुरू झाली. यंत्राने बर्फ इथेच बनू लागला आणि काही वर्षांत बोस्टनची जहाजं बंद झाली. मुंबईचं आइस हाउस पुढे पाडलं गेलं. चेन्नईचं अजून उभं आहे. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, त्यामुळे आज ते विवेकानंद हाउस म्हणून ओळखलं जातं.