पेटाऱ्यातला लेखक

खरा लेखक कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या हंगामात निघतो आणि मंडप उतरला की विरून जातो. ज्याची पुस्तके खपतात तो लेखक, असे विक्रेत्यास वाटते. ज्यास पारितोषिक दिले तो लेखक, असे शासनास वाटते. आणि ज्याच्या वाट्याला ह्या दोहोंपैकी काहीच येत नाही तो वाचकांच्या अभिरुचीस नावे ठेवून आपले समाधान करून घेतो. वाचकावाचून लेखक असू शकतो काय, ह्या मूळ प्रश्नाला मात्र सहसा कोणी हात घालीत नाही. त्याचे उत्तर नुसत्या तर्काने शोधण्यापेक्षा एखाद्या आयुष्यात शोधावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी ज्या आयुष्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते लिस्बन शहरात गेले. सुमारे 450 वर्षे जेथून गोव्यावर हुकूम सुटत राहिले, त्याच शहरातील एका पत्रलेखनिकाचे, म्हणजे कवी फेर्नांदो पेसोआ ह्याचे, ते आयुष्य होय.

पेसोआचा जन्म 13 जून 1888 रोजी, लिस्बनवासीयांच्या लाडक्या सांत आंतोनच्या सणादिवशी झाला. वडील सरकारी नोकरीत होते आणि वृत्तपत्रात संगीतावर टीकालेख लिहीत. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते क्षयाने वारले. आईने दुसरा विवाह केला तो दक्षिण आफ्रिकेतील दर्बान येथील पोर्तुगीज वाणिज्यदूताशी. त्यामुळे 1896 साली हा मुलगा आईबरोबर दर्बानला गेला. मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर त्याच शहरात त्या वर्षांत वकिली करीत होता. पेसोआचे सारे शिक्षण तेथे इंग्रजीतून झाले. 1903 साली केप विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस 899 उमेदवार बसले होते. त्यांतील सर्वोत्तम इंग्रजी निबंधाचे राणी व्हिक्टोरियाच्या नावाचे पारितोषिक ह्या पोर्तुगीज मुलाने पटकावले. परक्या भाषेतच आपले भविष्य आहे असे त्या वयात त्यास वाटू लागले असल्यास नवल नाही.

1905 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो एकटाच लिस्बनला परतला आणि त्यानंतर त्याने पोर्तुगाल कधी सोडला नाही. उच्च शिक्षण त्याने अर्धवट टाकले. आजीकडून आलेल्या पैशातून छापखाना काढला, तो अल्पावधीत बुडाला. पुढे जन्मभर त्याने व्यापारी पेढ्यांची इंग्रजी व फ्रेंच पत्रे लिहून देण्याचे काम केले. बांधील नोकरी त्याने हेतुपुरस्सर टाळली. वेळ आपल्या हाती राहावा एवढीच त्याची अट होती, आणि त्या वेळाची किंमत तो भाड्याच्या खोल्या, उसनवारी व अविवाहित आयुष्य ह्या रूपाने चुकवीत राहिला. दिवसा मालाच्या मागणीची आणि भरपाईची पत्रे, रात्री कविता, असा त्याचा क्रम तीस वर्षे चालला.

त्याने प्रथम वाचक शोधला तो इंग्लंडात. इंग्रजी ही मोठ्या साम्राज्याची भाषा आणि त्या भाषेत त्याने बक्षीस मिळविलेले. तेव्हा ह्या निवडीत व्यवहारही होता. 1917 साली त्याने आपल्या इंग्रजी कवितांचा एक संग्रह लंडनच्या प्रकाशकाकडे धाडला. तो साभार परत आला. 1918 साली त्याने दोन इंग्रजी पुस्तिका स्वखर्चाने छापून ब्रिटिश नियतकालिकांस पाठविल्या. थोडीबहुत दखल घेतली गेली, पण हाती काही लागले नाही. 1921 साली पुन्हा दोन पुस्तिका छापल्या, त्यांचेही तेच झाले. ह्या कवितांची इंग्रजी निर्दोष असली तरी बरीचशी पुस्तकांतून आलेली होती. जुन्या इंग्रज कवींचा घाट त्याने उत्तम गिरवला होता; परंतु लिस्बनच्या रस्त्यांवर रोज चालणारा, हॉटेलातल्या कोपऱ्यात बसणारा, एकटेपणाने व्याकूळ होणारा माणूस त्या भाषेत पुरतेपणी उतरत नव्हता.

तो उतरला पोर्तुगीजमध्ये, आणि उतरला तोही एकटा नव्हे. 1914 च्या सुमारास पेसोआने कल्पित कवी निर्माण करण्यास आरंभ केला. मराठी कवी टोपणनाव घेतो तेव्हा नाव बदलते, माणूस तोच राहतो. पेसोआने माणसेच नवी घडविली. आल्बेर्तु कायेइरु हा फारसे न शिकलेला, गावाकडे राहणारा आणि डोळ्यांना दिसेल तेच खरे मानणारा कवी. रिकार्दु रेइश हा डॉक्टर, राजनिष्ठ, ब्राझीलला निघून गेलेला, प्राचीन रोमन कवींच्या वळणाने लिहिणारा. आल्वारु द कांपुश हा ग्लासगोत शिकलेला जहाजबांधणीचा अभियंता, यंत्रयुगाचे उन्मत्त गीत गाणारा आणि पुढे त्याच युगाला कंटाळलेला. ह्या प्रत्येकाची शैली वेगळी, तत्त्वज्ञान वेगळे, जन्मकुंडलीसुद्धा वेगळी मांडलेली. ते एकमेकांच्या कवितांवर टीका करीत आणि कायेइरुला सारेच गुरू मानीत. 8 मार्च 1914 रोजी उभ्या उभ्या एका झपाट्यात आपण कायेइरुच्या तीसहून अधिक कविता लिहिल्या, असे पेसोआने पुढे एका पत्रात सांगितले. त्याच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना ह्या गोष्टीस दुजोरा मिळालेला नाही. त्या कविता अनेक दिवसांत लिहिल्या गेल्या आणि पुनःपुन्हा दुरुस्त झाल्या. प्रतिभेचा झटका सांगायला बरा वाटतो. कागद मात्र परिश्रमांची साक्ष देतात.

पेसोआ समाजाकडे पाठ फिरवून बसला होता असे कोणी समजू नये. 1915 साली त्याने मित्रांसह ‘ऑर्फेउ’ नावाचे नियतकालिक काढले. त्याचे दोनच अंक निघाले. वृत्तपत्रांनी लेखकांची यथेच्छ टवाळी केली आणि पैशांअभावी तिसरा अंक छपाईतच राहिला. ह्या उपक्रमातील त्याचा जिवलग मित्र, कवी मारियु द सा-कार्नेइरु, ह्याने 1916 साली पॅरिसमध्ये आत्महत्या केली. पुढे 1927 साली कोईंब्रा येथून ‘प्रेझेन्सा’ हे नियतकालिक निघाले आणि त्यातील तरुण मंडळींनी पेसोआस गुरुस्थानी मानले. इतर नियतकालिकांतूनही त्याचे लिखाण येत असे. म्हणजे त्यास वाचक होते. थोडे होते, पण जाणते होते.

1934 साली त्याचे पोर्तुगीज भाषेतील पहिले आणि हयातीत निघालेले एकमेव काव्यपुस्तक, ‘मेन्साजें’, प्रसिद्ध झाले. पोर्तुगालच्या इतिहासपुरुषांवरील 44 कवितांचे हे पुस्तक. त्यात आफोन्सु द आल्बुकेर्क ह्याच्यावरही एक कविता आहे. ज्याने 1510 साली गोवा जिंकला त्याचे नाव आमच्या स्मरणात कोणत्या रंगाने लिहिलेले आहे हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. पेसोआच्या स्वप्नातील साम्राज्य प्रत्यक्ष राज्याचे नसून मनाचे व संस्कृतीचे होते, असे त्याचे अभ्यासक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही जे किनारे त्या गलबतांच्या तोफांखाली आले तेथील माणसाने ते पुस्तक निर्विकार मनाने वाचावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. राज्यकर्त्यांना मात्र त्यात आपल्या कामाचा मजकूर दिसला. सालाझारच्या राष्ट्रीय प्रचार कार्यालयाने त्या पुस्तकास दुसऱ्या वर्गातील पारितोषिक दिले. त्या कार्यालयाचा प्रमुख आंतोनियु फेर्रु हा ‘ऑर्फेउ’च्या दिवसांतला पेसोआचा सोबती होता.

येथे ह्या आयुष्याची खरी कसोटी लागली. फेब्रुवारी 1935 मध्ये पारितोषिक वितरणाचा समारंभ झाला. लेखकांनी राजवटीच्या नैतिक मार्गदर्शनानुसार लिहावे, अशा आशयाचे भाषण सालाझारने त्या समारंभात केले. पेसोआ तेथे गेलाच नव्हता. तत्पूर्वी काही दिवस, गुप्त संस्थांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याने वृत्तपत्रात उघड लेख लिहून सरकारचा रोष ओढवून घेतला होता. ते भाषण वाचल्यावर ह्या देशात यापुढे काही प्रसिद्ध करावयाचे नाही, अशा निश्चयाला तो आला. त्याच वर्षी त्याने सालाझारवर उपहासाच्या कविता लिहिल्या आणि त्या कागदांत ठेवून दिल्या. आयुष्यभर ज्याने वाचकाची वाट पाहिली, त्याच्यापुढे शेवटी सरकार हा वाचक उभा राहिला होता. आणि तो वाचक त्याने नाकारला. सालाझारशाहीची नियंत्रणे गोव्याने स्वतः अनुभवलेली आहेत. लग्नपत्रिकासुद्धा जेथे छापण्यापूर्वी तपासून घ्यावी लागे, तेथील लोकांना ह्या नकाराचे मोल अधिक कळावे.

30 नोव्हेंबर 1935 रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पेसोआ लिस्बनच्या एका रुग्णालयात वारला. त्याच्या खोलीत एक पेटारा सापडला. त्यात 25,000 हून अधिक कागद होते. कविता, नाटके, तत्त्वचिंतन, ज्योतिष, राजकारण, काही टंकलिखित, काही पेढ्यांच्या पत्रांच्या कागदांवर, काही पाकिटांच्या पाठीवर. 1942 पासून त्याच्या कवितांचे खंड निघू लागले. 1979 साली पोर्तुगीज सरकारने हे कागद विकत घेतले व ते राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आले. लिस्बनच्या एका व्यापारी पेढीतील सहायक हिशेबनीस बेर्नार्दु सोआरिश, ह्या आणखी एका कल्पित माणसाच्या नावावर पेसोआने जे गद्य लिहून ठेवले होते, ते सुटे कागद जुळवून अस्वस्थतेचा ग्रंथ म्हणून 1982 साली, त्याच्या मृत्यूनंतर 47 वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आज ते जगातल्या अनेक भाषांत वाचले जाते. 1985 साली त्याच्या अस्थी जेरोनिमूश मठात नेण्यात आल्या. वास्को द गामा आणि गोव्यात काही काळ राहिलेला महाकवी कामोंइश ह्यांच्या समाधी तेथेच आहेत.

ह्या चरित्रावरून उपेक्षा हीच थोरवीची खूण, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो साफ चुकेल. न वाचलेल्या वह्यांनी भरलेले पेटारे जगात पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांत पेसोआ नाही. त्याचे लेखकपण पेटाऱ्याने सिद्ध झाले नाही. पेटाऱ्यातील कागदांवर जी मेहनत आहे तिने सिद्ध झाले. कोणी पाहत नसतानाही त्याने एकेका ओळीचे दोन-दोन, तीन-तीन पर्याय समासात लिहून ठेवले. न निघालेल्या ग्रंथांच्या अनुक्रमणिका पुनःपुन्हा आखल्या. ज्यास वाचकाची पर्वा नाही तो एवढा खटाटोप करणार नाही. पेसोआला वाचक हवा होता, परंतु त्याच्या मापाने आपले शब्द कापून देण्यास तो तयार नव्हता. ज्या भाषेत वाचक अधिक ती भाषा त्याने आधी धरली. ज्या भाषेत सत्य अधिक सांगता आले ती शेवटपर्यंत सोडली नाही. खरा लेखक ओळखण्याची ह्याहून निराळी खूण आम्हांस ठाऊक नाही.

हा विचार गोमंतकात विशेष करून व्हावयास हवा. भाषेची निवड म्हणजे वाचकाची निवड, हे येथील लेखकांइतके इतर कोणास क्वचितच भोगावे लागले असेल. मराठी कथेत नाव मिळविलेल्या लक्ष्मणराव सरदेसायांनी पोर्तुगीज आणि कोकणीतही लेखन केले. पोर्तुगीजमध्ये लिहिणाऱ्या गोमंतकीयांचा वाचकवर्ग 1961 नंतर बघता बघता ओसरला; पण त्यामुळे त्यांनी लिहिलेले साहित्य खोटे ठरले नाही. आज तोच पेच इंग्रजीच्या रूपाने आमच्या मुलांपुढे आहे. मोठ्या बाजारपेठेची भाषा त्यांना बोलावते आहे. त्यांनी ती अवश्य शिकावी, तीत लिहावेसे वाटले तर लिहावेही. मात्र वाचक किती मिळतील एवढाच हिशेब करून कोणी भाषा बदलील, तर दर्बानमध्ये बक्षीस मिळविणाऱ्या त्या मुलाचे पुढे इंग्रजीत काय झाले हे त्याने एकदा पाहावे.

आणि वाचकांचेही एक कर्तव्य ह्यातून उरते. लेखक असण्यास वाचक लागत नसेल, पण लिहिलेले जगण्यास तो लागतो. कोणी ते कागद जपले, कोणी त्या अक्षराशी झगडून ते लावले, शासनाने ते विकत घेऊन ग्रंथालयात ठेवले, म्हणून पेसोआ आज आपणांपर्यंत पोचला. पावसाळ्याच्या ओलीत आणि वाळवीच्या तोंडी आमच्या जुन्या घरांतील किती वह्या, किती बाडे दरवर्षी नाहीशी होत असतील, ह्याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. घर पाडताना किंवा वाटण्या होताना भांडीकुंडी मोजून घेतली जातात, कागद मात्र अंगणात पेटवले जातात. ते पेटविण्यापूर्वी जाणत्या माणसास दाखवावेत, एखाद्या ग्रंथालयाकडे द्यावेत, एवढी आमची विनंती आहे. त्यांतील पुष्कळसे कागद निरुपयोगी निघतील. परंतु न वाचता तसे ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही.